खाजकुइली: शेंगेवरची आणि शेंगेतली

जानेवारी लागला की सह्याद्रीत भटकणाऱ्यांना गावातली जाणती माणसं एक सूचना न चुकता देतात. वाटेवर वाळक्या शेंगांचे घोस लोंबताना दिसले तर त्यांच्या खालून जाऊ नका, वाऱ्याची दिशा बघून लांबून वळसा घाला. ज्यांनी हे ऐकलं नाही ते संध्याकाळी ओढ्याकाठी अंग घासत बसलेले सापडतात, आणि घासल्यानं खाज आणखी पसरत जाते. खाजकुइली, खाजकुयली, कुहिली, कुयरी. मुलूख बदलला की उच्चार थोडा बदलतो, वेल तीच. मास्तरांच्या खुर्चीवर तिची कुसं पेरण्याचा उद्योग एकदाही झाला नाही अशी शाळा कोकणात आणि घाटमाथ्यावर क्वचितच सापडेल.

याच वेलीच्या बिया आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात ‘कवचबीज’ या नावानं मिळतात. ही पुडी नेणाऱ्या पुष्कळांना तिचं आणि रानातल्या खाजरीचं नातं ठाऊक नसतं. अलीकडे या बियांविषयी आणखी एक गोष्ट कानावर येते: पार्किन्सनच्या आजारावरचं औषध आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं होतं म्हणे. या बोलण्यात तथ्याचा अंश आहे. पण प्रत्यक्षात जे घडलं ते या फुशारकीपेक्षा कितीतरी वळणावळणाचं आहे, आणि त्यातली काही महत्त्वाची वळणं मुंबईतून आणि मद्रासमधून जातात.

आधी वेल. वनस्पतिशास्त्रात हिला म्युकुना प्रुरियन्स म्हणतात. कूळ शेंगावर्गीय, म्हणजे वाल, घेवडा, पावटा यांची ही रानातली भाऊबंद. पहिल्या पावसाबरोबर उगवते आणि हा हा म्हणता करवंदीच्या जाळ्यांवर, कुंपणांवर, झाडांच्या फांद्यांवर पसरते. पान तीन दलांचं, घेवड्यासारखं. पावसाळा सरता सरता काळपट जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबू लागतात, आणि थंडीत त्यांच्या जागी चार ते दहा सेंटिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेल्या शेंगा येतात. कोवळेपणी त्यांच्यावरची लव मखमलीसारखी दिसते आणि हात लावायचा मोह होतो. वाळल्यावर तीच लव सोनेरी-तपकिरी होते, देठाशी सैल पडते आणि वाऱ्याच्या झुळकीनं सुटून उडते. म्हणूनच शेंगेला न शिवताही माणूस खाजवत सुटतो. दव असेपर्यंत ही कुसं ओली नि जड असतात, उडत नाहीत. उन्हं चढली की मात्र खैर नाही.

ही वेल उष्ण कटिबंधात जवळपास सगळीकडे भेटते: आफ्रिकेत, कॅरिबियन बेटांवर, आग्नेय आशियात. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच अधिकारी व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर जो ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, त्यात हिचं चित्र ‘नायकोरणा’ या मल्याळी नावासह आलेलं आहे. आपल्या सह्याद्रीत हिच्या आणखीही बहिणी आहेत. त्यांतली म्युकुना संजाप्पे ही जात तर अगदी अलीकडे, २०१२ मध्ये, उत्तर सह्याद्रीतून जगासमोर आली. एवढी ठसठशीत वेल इतकी वर्षं नाव न मिळता राहिली, यावरून आपल्या डोंगरांचं किती निरीक्षण बाकी आहे याचा अंदाज यावा.

खाजेकडे वळू. एकेक कूस जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, टोकाला अणकुचीदार. ते टोचतं म्हणून खाजतं असा कुणाचाही समज व्हावा. पण टोचणं हे निमित्त. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर या त्वचाशास्त्रज्ञांनी एकेक कूस उचलून माणसाच्या कातडीत खुपसून पाहिलं आणि दाखवलं की खाज येते ती कुसातल्या एका प्रथिनामुळे. त्याला त्यांनी म्युकुनेन नाव दिलं. हे प्रथिन म्हणजे एक विकर आहे, इतर प्रथिनं कातरणारं. कुसं तापवली की विकर मरतं, मग तीच कुसं टोचूनही खाज येत नाही.

यातली खरी गंमत पुढे कळली. अंगावर पित्त उठतं तेव्हा जी खाज सुटते ती हिस्टामीन नावाच्या रसायनामुळे, आणि म्हणून अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी तिच्यावर लागू पडते. खाजकुइलीची खाज हिस्टामीनच्या वाटेनं जातच नाही. २००८ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या एका चमूनं हे विकर शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं आणि दाखवलं की ते त्वचेच्या पेशींवरच्या आणि मज्जातंतूंवरच्या विशिष्ट ग्राहींना कातरून जागं करतं. माणसाचं स्वतःचं शरीरही अशीच विकरं तयार करतं. इसबासारख्या जुनाट खाजेत अ‍ॅलर्जीच्या गोळ्या पुष्कळदा हात टेकतात, त्यामागे हीच दुसरी वाट असल्याचं मानलं जातं. त्यामुळे खाजेवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत आज खाजकुइलीची कुसं हे नेहमीच्या वापरातलं साहित्य आहे. शिवाय तापवून निकामी केलेल्या कुसावर दुसरं एखादं रसायन चढवून ते सूक्ष्म सुई म्हणून वापरायचीही रीत आहे. मास्तरांच्या खुर्चीवरून हार्वर्डपर्यंत मजल मारणारी रानवेल दुसरी मला तरी माहीत नाही.

अंगाला कुसं लागली तर काय करायचं? चोळायचं नाही, हा पहिला आणि सगळ्यांत अवघड नियम. चिकटपट्टी लावून ओढून काढावी, कपडे बदलावेत, मग भरपूर पाण्यानं धुवावं. गावाकडे अंगाला शेण किंवा ओली माती थापून वाळू देतात. नाक मुरडण्याआधी विचार केला तर त्यात तर्क दिसतो. लेप वाळताना कुसांना धरतो आणि पापुद्र्यासकट ती निघून येतात. अर्थात कातडी फुटलेली असेल तर शेणापेक्षा चिकटपट्टी कधीही बरी. कुसं डोळ्यांत गेली असतील तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरकडे जावं.

या कुसांचा औषध म्हणून उपयोग झाला होता हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. अठराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर पोटातल्या जंतांवर हा इलाज चालत असे: शेंगा काकवीत बुडवायच्या, सुरीनं त्यांच्यावरची कुसं त्या काकवीत खरवडायची, आणि घट्ट चाटण झालं की रिकाम्या पोटी मुलांना द्यायचं. नंतर जुलाबाचं औषध. काकवीत लडबडलेली कुसं तोंडाला आणि घशाला इजा करत नसत, पण आतड्यात पोचल्यावर जंतांना टोचून बेजार करत, अशी समजूत होती. विल्यम चेंबरलेन नावाच्या लंडनच्या शल्यवैद्यानं त्या शतकाच्या अखेरीस या उपायाची महती सांगणारं पुस्तकच लिहिलं. वाचतानाच घसा खवखवायला लागतो. पुढे जास्त सौम्य जंतनाशकं आली आणि हा प्रकार मागे पडला. बरं झालं.

आपल्याकडे मात्र औषध म्हणून मान मिळाला तो बियांना. शेंगेत चार ते सहा बिया असतात, चकचकीत काळ्या किंवा कबऱ्या. संस्कृत ग्रंथांत या वेलीला कपिकच्छू, आत्मगुप्ता, मर्कटी, वानरी अशी नावं आहेत. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ती भेटते ती प्रामुख्यानं वाजीकरणाच्या योगांत. म्हणजे शुक्रवृद्धीसाठी, पुरुषाची शक्ती वाढवण्यासाठी. बळ देणारी आणि वात शमवणारी म्हणूनही तिची ख्याती आहे. बी तसंच चावून खायचं नसतं. दुधात उकळायचं, वरचं टरफल आणि आतला कोंब काढून टाकायचा, वाळवायचं आणि मग दळायचं. ‘वानरी गुटिका’ नावाचा जो जुना योग आहे त्यात ही सोललेली बी वाटून, वड्या तुपात तळून, साखरेच्या पाकात घोळवून मधात ठेवतात. औषधापेक्षा पक्वान्नच म्हणायला हवं.

वाजीकरणाचं काय? लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयात या शतकाच्या पहिल्या दशकात मूल न होणाऱ्या पुरुषांना रोज पाच ग्रॅम बीचूर्ण दुधातून तीन महिने देऊन पाहिलं, तेव्हा शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल सुधारल्याचं आढळलं. पण त्यात खोटी पुडी दिलेला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे या निष्कर्षाला खुंटा अजून बळकट नाही. विंचवाच्या दंशावर बी उगाळून लावण्याची प्रथाही देशात अनेक ठिकाणी आहे. तिच्याबद्दल मात्र स्पष्टच बोलायला हवं. कोकणातल्या लाल विंचवाच्या विषानं हृदय निकामी होऊन माणसं दगावत. ते मृत्यू कमी झाले ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवल्यानंतर. बी उगाळत बसण्यात गेलेला अर्धा तास तिथे महाग पडू शकतो.

आता त्या पार्किन्सनच्या गोष्टीकडे. या आजारात हात थरथरतात, अंग ताठरतं, हालचाली मंदावतात, चेहऱ्यावरचे भाव हरवतात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं, पण नेमकं काय बिघडतं ते पुढची जवळपास दीडशे वर्षं कळलं नाही. आयुर्वेदात कंपवात ही संज्ञा आहे आणि तिच्यात या आजाराची काही लक्षणं बसतात. मात्र संहितांमध्ये कपिकच्छूचा जो गाजावाजा आहे तो बळ आणि वाजीकरण यांसाठी, थरथरीसाठी नव्हे. ‘पार्किन्सनवरचं प्राचीन औषध’ ही तिची आजची ओळख बरीचशी रसायनशास्त्रानं मिळवून दिलेली आहे.

त्या रसायनाचं नाव लेव्होडोपा. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्कस गुगेनहाइम यानं ते प्रथम बाकल्याच्या शेंगांतून वेगळं काढलं. निरुपद्रवी दिसतं म्हणून त्यानं अडीच ग्रॅम स्वतःच गिळलं आणि ओकून ओकून बेजार झाला. उपयोग काय ते त्याला कळलं नाही. १९३७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून तेच रसायन काढलं, आणि इथे ते बाकल्यापेक्षा कितीतरी मुबलक होतं. बीच्या वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के. त्यांचा लेख लंडनच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापून आला आणि तिथेच पडून राहिला. दोष कुणाचाच नव्हता. मेंदूत डोपामीन नावाचं काही असतं, हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मग गोष्टीत दुसरी भारतीय वनस्पती शिरते, सर्पगंधा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे शेकडो रुग्णांवरच्या अनुभवातून जगाला सांगितलं. तीन वर्षांत स्विस रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं, आणि ते जगभर वापरात आलं. त्यासोबत एक विचित्र तक्रारही आली. जास्त मात्रेत रिसर्पिन घेणारे काही रुग्ण पार्किन्सनच्या रोग्यांसारखे ताठर आणि मंद होत. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा टोचला, आणि थोड्याच वेळात ससे उठून फिरू लागले. रिसर्पिननं मेंदूतला डोपामीनचा साठा रिता होतो आणि डोपा तो पुन्हा भरतो, हे त्यातून उलगडलं. सर्पगंधेनं जे काढून घेतलं ते भरून देणारं रसायन नेमकं खाजकुइलीच्या बीत ठासून भरलेलं होतं. दोन्ही वनस्पती आपल्या रानातल्या, पण त्यांची गाठ पडली स्वीडनमधल्या लुंडच्या प्रयोगशाळेत, आणि तीही फक्त रसायनांच्या रूपानं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पुढचं वेगानं घडलं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पार्किन्सनच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासून त्यांत डोपामीन अत्यल्प असल्याचं दाखवलं. डोपामीनच थेट का देऊ नये, तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. १९६१ मध्ये व्हिएन्नातच तो रुग्णांना शिरेतून टोचून पाहिला गेला, तेव्हा खाटेला खिळलेली माणसं तात्पुरती का होईना उठून चालली. पण पोटातून घेतला की गुगेनहाइमची गत होई. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियस यांनी अगदी थोडक्या मात्रेपासून सुरुवात करून, आठवड्यांमागून आठवडे ती वाढवत नेली आणि उपचार वापरता येण्याजोगा केला. नंतर त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली. लेव्होडोपाचं बाहेरच, मेंदूत शिरण्याआधी, डोपामीन होऊ लागतं आणि त्यानंच मळमळ होते. कार्बिडोपा ते थांबवतो, म्हणून कमी मात्रेत काम भागतं. आजही पार्किन्सनच्या उपचाराचा कणा हीच जोडगोळी आहे.

बीमध्ये औषध आहे तर बीच का देऊ नये, हा प्रश्न मुंबईत पद्धतशीरपणे विचारला गेला. डॉ. अशोक वैद्य यांनी मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि इतर सहकाऱ्यांबरोबर कवचबीजाचं चूर्ण पार्किन्सनच्या २३ रुग्णांना दिलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज सरासरी ४५ ग्रॅम चूर्ण, त्यात सुमारे दीड ग्रॅम लेव्होडोपा. रुग्णांना फायदा झाला. वैद्य यांचा आग्रह पुढे ‘उलट दिशेचं औषधशास्त्र’ म्हणून ओळखला गेला. प्रयोगशाळेतून रुग्णाकडे येण्याऐवजी वापरातल्या औषधापासून सुरुवात करायची, माणसांवरचा परिणाम काटेकोरपणे मोजायचा आणि मग आतली कारणं शोधायची. ही भूमिका मला फुशारकी आणि हेटाळणी या दोन्हींपेक्षा सरस वाटते. यानंतर झंडू या औषध कंपनीनं याच बियांची पुडी तयार केली. तिची चाचणी ६० रुग्णांवर चार केंद्रांत बारा आठवडे झाली आणि निष्कर्ष १९९५ मध्ये छापून आले. साडेसात ग्रॅमची पुडी, पाण्यात कालवून, दिवसातून तीन ते सहा वेळा.

लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या २००४ च्या चाचणीनं तर कुतूहल वाढवलं. रुग्ण आठच, पण रचना नेटकी. ३० ग्रॅम बीचूर्ण आणि नेहमीची गोळी यांची तुलना केली, तेव्हा चूर्णाचा गुण साधारण ३५ मिनिटांत दिसू लागला, गोळीचा सुमारे ६८ मिनिटांत. चूर्णाचा परिणाम टिकलाही जास्त वेळ, आणि अंगाच्या अनावर हालचाली, ज्या लेव्होडोपाचा मोठा उपद्रव असतात, त्या वाढल्या नाहीत. बीमध्ये लेव्होडोपाखेरीज त्याला साथ देणारं आणखी काही असावं का? शंका घ्यायला जागा आहे.

पण एका डोसाची चाचणी वेगळी आणि रोजचा संसार वेगळा. इटालियन डॉक्टरांच्या एका गटानं बोलिव्हियात हे काम पुढे नेलं. हेतू साधा होता: गरीब देशांत कित्येकांना गोळ्या परवडत नाहीत, बी मात्र भाजून दळून घेता येते. २०१७ मध्ये १८ रुग्णांवरच्या एका-एका डोसाच्या चाचणीत बी गोळीच्या तोडीस तोड ठरली. पुढच्याच वर्षी १४ रुग्णांना रोज बी देऊन सोळा आठवडे पाहिलं, तर त्यातल्या सात जणांनी ती मध्येच सोडली. काहींना पोटाचा त्रास झाला, काहींच्या हालचाली पुन्हा बिघडू लागल्या. कार्बिडोपाची साथ नसलेल्या लेव्होडोपाकडून वेगळी अपेक्षा तरी काय ठेवणार? आणखी एक अडचण आपल्या परंपरेतच आहे. कवचबीज दुधाबरोबर घ्यायची रीत आहे, आणि दुधातली प्रथिनं नेमकी लेव्होडोपाच्या आड येतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा एकाच वाहकासाठी रांग लावतात. बल्य म्हणून घेणाऱ्याला यानं बिघडत नसेल. कंपावर घेणाऱ्याला बिघडतं.

बीनं हे रसायन आपल्यासाठी साठवलेलं नाही हे उघड आहे. १९७३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की लेव्होडोपा हा किड्यांसाठी अडसर आहे. बी खाऊ पाहणाऱ्या अळ्यांना तो सोसत नाही, म्हणून या बियांच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. माणसालाही तो सरसकट सोसतो असं नाही, आणि त्याचा पुरावा मोझांबिकमधून आला. तिथल्या नांपुला प्रांतात या वेलीच्या बिया दुष्काळातलं अन्न म्हणून खातात, पण पुन्हा पुन्हा उकळून, दर वेळी पाणी फेकून देऊन. १९८९ च्या सुमारास यादवी युद्ध आणि अवर्षण एकाच वेळी आलं. पाणीच मिळेना तेव्हा ते फेकणार कोण? लोकांनी उकळलेलं पाणी तसंच ठेवलं, ते बियांबरोबर पोटात गेलं, आणि दोनशेच्या आसपास माणसं डोकेदुखी, धडधड, भ्रम आणि वेडसर बरळणं अशा लक्षणांनी आजारली. डोपामीन कमी पडलं की कंप येतो, आणि जास्त झालं की भास होतात. पार्किन्सनच्या रुग्णांनाही औषध जास्त झालं की हेच होतं.

ज्यांच्याकडे पाणी आणि वेळ आहे त्यांनी याच बियांचं चांगलं अन्न बनवलं आहे. जावा बेटावर योग्याकर्ताच्या बाजूला ‘तेंपे बेंगुक’ मिळतं. बिया भिजवायच्या, उकळायच्या, पुन्हा दिवस दिवस पाण्यात ठेवायच्या, मग बुरशी लावून आंबवायच्या. दक्षिण भारतातल्या डोंगरांतले काही आदिवासी समाजही पाणी बदलत बदलत उकळून या बिया खातात. आफ्रिकेत, जावात आणि निलगिरीच्या आसपास लोकांनी एकमेकांना न विचारता एकच कृती शोधली, यात मला परंपरेतलं खरं शहाणपण दिसतं. कुठल्याही ग्रंथाच्या नावावर नसलेलं.

गोळ्या चालू असलेल्या रुग्णानं मनानंच कवचबीज सुरू करणं मात्र धोक्याचं आहे. दोन्हींची मात्रा एकमेकांत मिसळते, आणि डॉक्टरला पुडीची कल्पना नसेल तर भास किंवा अनावर हालचाली सुरू झाल्यावर तो चुकीची गोळी कमी-जास्त करत बसतो. नैराश्यावरची काही औषधं आणि मानसिक आजारांवरची औषधं यांच्याशी लेव्होडोपाचं जुळत नाही. परदेशात ‘मूड सुधारणारं’ किंवा व्यायामशाळेतलं पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या म्युकुनाच्या कॅप्सूल तपासल्या गेल्या तेव्हा काहींत लेव्होडोपा नावालाच होता आणि काहींत डॉक्टरच्या गोळीइतका. वेष्टनावरून दोन्ही सारख्याच दिसत.

शेतकऱ्याच्या उपयोगाची खाजकुइली वेगळीच. हिच्या एका वाणाच्या शेंगांवर बोचरी कुसं नसतात, मऊ लव असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाण अमेरिकेच्या दक्षिण भागात मका आणि कापसाबरोबर, जनावरांचा चारा आणि हिरवळीचं खत म्हणून लावू लागले. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि दाट वेल तणाला वर येऊ देत नाही. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावरचे छोटे शेतकरी मक्याच्या रानात हिलाच पसरू देतात आणि पुढचा मका तिच्या कुजलेल्या पालापाचोळ्यात टोकतात. पश्चिम आफ्रिकेत बेनिनमध्ये हट्टी दर्भासारखं गवत दाबायला तिचा उपयोग झाला.

आता पैदासकारांपुढे पेच आहे. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी आणि माणसाच्या ताटासाठी लेव्होडोपा कमीत कमी असलेलं बी हवं. औषध कंपन्यांना तो जास्तीत जास्त हवा, आणि भारतात ठिकठिकाणच्या रानटी वाणांची छाननी त्यासाठीच चालते. पुन्हा कमी डोपा असलेलं पीक किड्यांनाही गोड लागणार, म्हणजे फवारणी आली. दोघांचं एकमत फक्त कुसांबाबत आहे. ती कुणालाच नको आहेत, अपवाद खाजेवर संशोधन करणाऱ्यांचा, आणि त्यांना लागतात तेवढी एखाद्या शेंगेवरून सहज मिळतात.